हवा खाऊन जगणाऱ्यांचा इतिहास

मराठीत एखाद्याचा पाणउतारा करायचा असेल तर 'बांडगूळ' हा एक जबरदस्त शब्द आहे. फुकट खाणारा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, वर पुन्हा टवटवीत दिसणारा. टीममध्ये एखादा तरी असतोच, नाव घेत नाही :)

पण या शब्दाने एक घोळ करून ठेवलाय. झाडावर उगवलेलं दुसरं काहीही दिसलं की आपण सरसकट त्याला बांडगूळ म्हणतो. गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो होतो तेव्हा मामा कोयती घेऊन हापूसच्या झाडावर चढायच्या तयारीत होता. फांदीवर दोन पाहुणे होते. एक खरंखुरं बांडगूळ, आणि दुसरी सीतेची वेणी, म्हणजे ते गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लोंबते तुरे येणारं ऑर्किड. मामाच्या लेखी दोघांचा गुन्हा एकच. "अरे, दोन्ही झाडाचा रस पितात. एक ठेवून दुसरं काय काढायचं?" मी खालून जमेल तेवढं समजावलं. बांडगुळाची मुळं आंब्याच्या लाकडात शिरतात आणि त्यातलं पाणी नि क्षार ओढून घेतात. वेणीची मुळं मात्र सालीला नुसती चिकटलेली असतात, आत शिरतच नाहीत. मामाला ते पटलं की भाच्याचं मन मोडवेना, देव जाणे, पण वेणी राहिली.

यावर मामाने जाता जाता विचारलेला प्रश्न मात्र अगदी रास्त होता. "रस पीत नाही, मातीत मूळ नाही, मग खातं काय? हवा?"

हाच प्रश्न माणसं निदान पाचशे वर्षं विचारत आलीयेत, आणि त्याच्या उत्तराचा इतिहास भलताच रंजक आहे. या वीकेंडला तोच.

आधी थोडं आपल्या भाषेबद्दल, कारण घोळ आपल्याकडे जुना आहे. संस्कृतात बांडगुळाला जी नावं आहेत त्यात एक 'वृक्षादनी' म्हणजे झाडाला खाणारी, आणि एक 'वृक्षरुहा' म्हणजे झाडावर उगवणारी. नीट पाहिलं तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच झाडाला चिकटवल्यात. तिसरं नाव 'वंदा'. हेच नाव बंगालमध्ये एका ऑर्किडलाही होतं. सर विल्यम जोन्स, तेच ते कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृत पंडित, त्यांनी याच नावाने केलेलं त्या ऑर्किडचं वर्णन १७९५ मध्ये छापलं गेलं. पुढे रॉबर्ट ब्राऊनने ते शास्त्रीय नाव म्हणून पक्कं केलं. आज थायलंडपासून हॉलंडपर्यंतच्या नर्सऱ्यांत महागडी 'वंदा' विकली जाते. तिच्या नावात मुळात एक बांडगूळ दडलंय हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

मराठी विश्वकोशात अशा वनस्पतींना 'अपिवनस्पती' असा शब्द आहे. बरोबर आहे, पण बोलताना जिभेवर बसत नाही. तरी दुसरा नाही म्हणून तोच वापरतो.

पश्चिमेकडच्या लोकांनी या वनस्पती पाहिल्याची एक जुनी नोंद आहे ती थेट कोलंबसची. १६ ऑक्टोबर १४९२, म्हणजे अमेरिकेच्या बेटांवर पाय ठेवून जेमतेम चार दिवस झालेले. तो रोजनिशीत लिहितो की इथे एकाच झाडाला पाच-सहा तऱ्हेच्या फांद्या आहेत, एकीची पानं बोरूसारखी, दुसरीची आणखी कशासारखी, आणि कलम केलेलं म्हणावं तर तेही नाही, कारण रानातल्या झाडांकडे इथे कोणी लक्ष देत नाही. बिचाऱ्याला वाटलं झाडच असं आहे. बहुधा तो अपिवनस्पतींनी लगडलेल्या झाडाकडे बघत होता.

आपल्या किनाऱ्यावर मात्र लोक जास्त हुशार होते. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने कोचीनला बसून 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ करून घेतला (१६७८ ते १६९३). त्यात इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते, ज्यांची नागरी लिपीतली कोकणी साक्ष ग्रंथात छापलेली आहे. मला त्यातली ऑर्किडची नावं फार आवडतात. सीतेच्या वेणीचं नाव तिथे 'अंजेली मरवर' असं येतं. अंजेली म्हणजे फणसाच्या जातीचं एक झाड, आणि पुढचा शब्द झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींसाठीचा. म्हणजे पाहुण्याच्या नावातच यजमानाचा पत्ता! तीच पद्धत दुसऱ्या ऑर्किडांनाही, फक्त यजमान बदलतो. नुसतं 'परजीवी' असा शिक्का मारून मोकळं होण्यापेक्षा ही नोंद कितीतरी काळजीपूर्वक आहे.

युरोपात शिक्काच मारला गेला. लिनियसने झाडावरच्या ऑर्किडांना 'एपिडेंड्रम' म्हणजे 'झाडावरचं' असं नाव दिलं, पण ती झाडाच्या रसावर जगतात हीच त्या काळची समजूत होती. समजूत चुकीची असून बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडलं ते इंग्लंडच्या काचघरांत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजं भरभरून उष्ण कटिबंधातली ऑर्किडं तिकडे जाऊ लागली. खातात काय ते माहीत नाही, मग करायचं काय? माळ्यांनी त्यांना कुंडीत, मातीत पुरलं, कुंड्या कुजणाऱ्या सालीच्या ऊबदार वाफ्यांत रोवल्या, काचघराच्या खिडक्या लावून घेतल्या आणि भट्टी पेटवली. उष्ण कटिबंध म्हणजे उकाडा, दमटपणा आणि अंधार, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. हवेत मोकळी राहणारी मुळं मातीत कुजली. हजारो रोपं मेली. आपल्याकडे नव्याने लग्न झालेली जोडपी गिफ्ट मिळालेल्या ऑर्किडला रोज बादलीभर पाणी घालून मारतात, तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर.

काही जणांना मात्र शंका आली. सर जोसेफ बँक्स यांनी १८१० च्या दशकात वेताच्या टोपल्यांत शेवाळ भरून त्यात ही रोपं लावून पाहिली आणि ती जगली. पुढे चॅट्सवर्थच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन (हाच नंतर क्रिस्टल पॅलेस बांधणारा) याने सरळ खिडक्या उघडल्या, उष्णता कमी केली, खेळती हवा ठेवली. त्यानेच १८३५ मध्ये जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला खासी टेकड्यांत पाठवलं आणि १८३७ मध्ये तो खोकेच्या खोके ऑर्किडं घेऊन परतला.

आता ऑर्किडं जगायला लागली म्हटल्यावर त्यांचं बरं झालं असेल, असं समजू नका. उलट मागणी भडकली. आल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किड-शिकाऱ्याने १८९१ च्या पुस्तकात कोलंबियातला स्वतःचा पराक्रम सांगितलाय: दोन महिन्यांत दहा हजार रोपं गोळा केली, आणि त्यासाठी चार हजार झाडं तोडली. चढायचा त्रास कोण घेणार! हे तो कबुली म्हणून लिहीत नाही, कामाचा हिशोब म्हणून लिहितो. मला त्या आकड्यांपेक्षा तो सूर जास्त बोचला.

इतकं सगळं होऊनही 'खातं काय' याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ते शोधायला नीट बसला तो आंद्रेआस शिंपर, स्ट्रासबर्गचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. 'क्लोरोप्लास्टिड' हा शब्द त्याचा, 'उष्णकटिबंधीय वर्षावन' हाही त्याचाच. तिशीच्या आसपास तो वेस्ट इंडीज, व्हेनेझुएला आणि ब्राझील पालथं घालून आला आणि १८८८ मध्ये त्याने अमेरिकेतल्या अपिवनस्पतींवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. (त्याच वयात मी प्रॉडक्शनमधले बग पालथे घालतोय, असो.)

शिंपरचं डोकं आपल्या लोकांना पटेल असं होतं. त्याने 'ही कुठल्या कुळातली' हा प्रश्न बाजूला ठेवला आणि 'यांचा इनपुट कुठून येतो' हा विचारला. त्यावरून गट पाडले. काही नुसत्या सालीच्या भेगांतून मिळेल त्यावर भागवतात. काही घरटं करतात, म्हणजे वरून पडणारा पालापाचोळा अडवून तो कुजवतात आणि स्वतःची माती स्वतः तयार करतात. हे बघायला ब्राझीलला जायची गरज नाही. कोकणात झाडांवर 'बाशिंग' किंवा 'वांदरबाशिंग' नावाचं नेचं दिसतं ना, त्याला दोन तऱ्हेची पानं असतात. एक लांब, हिरवी, नेहमीची. दुसरी बुटकी, लवकरच वाळून तपकिरी होणारी, खोडाला चिकटून टोपलीसारखी उभी. ती मेलेली दिसतात म्हणून लोक उपटतात, पण तीच त्याची कचरापेटी आणि तेच त्याचं स्वयंपाकघर. तिसरा गट वरून सुरुवात करून मुळं जमिनीपर्यंत सोडणाऱ्यांचा, आपले वड-पिंपळ त्यातले. बिल्डिंगच्या गच्चीखालच्या भेगेत उगवलेला पिंपळ त्याच्या हिशोबाने झाडावरच बसलेला असतो.

आणि चौथा गट टाकीवाल्यांचा. अननसाच्या कुळातल्या, म्हणजे ब्रोमेलियाडांच्या, कित्येक जाती पानांचा घट्ट पेला करून त्यात पावसाचं पाणी साठवतात. मुळं असतात ती फक्त पकडायला. शिंपरने दाखवलं की पाणी शोषलं जातं ते पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून. पुढे १९०४ मध्ये कार्ल मेझने त्या खवल्याची यंत्रणा उलगडली. कोरडा असताना खवला आक्रसलेला. पाणी पडलं की त्याच्या मेलेल्या पेशी फुगतात, पाणी खाली ओढलं जातं आणि देठातल्या जिवंत पेशींमार्फत पानात जातं. वाळलं की झाकण पुन्हा बसतं, आतलं पाणी बाहेर जात नाही. चक्क नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! याच्या जोरावर टिलँडशियाच्या काही जाती विजेच्या तारांवर वाढतात. परजीवीपणाच्या आरोपाला याहून सणसणीत उत्तर नाही, तारेतून कसला रस पिणार? धूळ, धुकं, पाऊस, बस्स. मामाचं 'हवा' हे उत्तर यांच्या बाबतीत जवळजवळ बरोबर निघतं.

शिंपर १९०१ मध्ये गेला, वय ४५. 'व्हाल्डिव्हिया' या जहाजाच्या मोहिमेवर आफ्रिकेत झालेल्या मलेरियाने तब्येत खालावली ती सावरली नाही.

टाकीतल्या पाण्यात नेमकं काय चालतं ते १९१३ मध्ये क्लोदोमिरो पिकादो या कोस्टा रिकाच्या तरुणाने पॅरिसच्या प्रबंधात मांडलं. त्या इवल्याशा डबक्यांत त्याने सुमारे अडीचशे जातींचे प्राणी मोजले: अळ्या, किडे, बेडूक, काय नि काय. ते खातात, हगतात, मरतात, आणि तो सगळा काला पानं शोषून घेतात. म्हणजे झाड एक छोटं तळं पाळतं आणि तळं त्याला पोसतं. पिकादो पुढे सापाच्या विषावरच्या कामासाठी प्रसिद्ध झाला, कोस्टा रिकात आजही प्रतिविष त्याच्याच नावाच्या संस्थेत बनतं.

या तळ्यांची एक काळी बाजूही आहे. त्रिनिदादमध्ये कोकोच्या मळ्यांना सावली द्यायला 'इमॉर्टेल' नावाची झाडं लावत, आपल्या पांगाऱ्याचे भाऊबंद. त्यांच्या फांद्या ब्रोमेलियाडांनी लगडलेल्या, आणि त्यांच्या टाक्यांत अॅनोफिलीस बेलाटर हा मलेरियाचा डास पैदा होई. जमिनीवरची डबकी बुजवून काहीच उपयोग नाही, कारण डबकी डोक्यावर टांगलेली! दुसऱ्या महायुद्धात कॉलिन पिटेंड्रिग हा इंग्रज तरुण यावर काम करत होता. उपाय निघाला तो मोरचुदाचा. झाडांवर पातळ मोरचुदाचं पाणी फवारलं की इमॉर्टेल शाबूत राही आणि ब्रोमेलियाड मरत. जे पान वरून पडेल ते सगळं पितं, ते विषही तितक्याच मुकाट पितं. ज्या खवल्याने त्यांना आभाळात जगवलं त्यानेच मारलं. मलेरिया आटोक्यात येणं गरजेचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पिटेंड्रिगने १९४८ च्या लेखात शिंपरलाही आव्हान दिलं: ब्रोमेलियाडांचे पूर्वज गर्द सावलीतून उजेडाकडे चढले नसावेत, ते मुळात रखरखीत उन्हातलेच असावेत. आणि डास कोणत्या वेळी, किती उंचीवर चावतो हे मोजता मोजता तो शरीरातल्या घड्याळाकडे वळला आणि त्या शास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक झाला.

ऑर्किडांचं तंत्र वेगळं. त्यांच्या हवेतल्या मुळांवर पांढरट, मेलेल्या पेशींचं एक स्पंजासारखं आवरण असतं, वेलामेन म्हणतात त्याला. पाणी पडताच मूळ पांढऱ्याचं हिरवं होतं, बघायला मजा येते. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने जावातल्या जंगलात काम करून १९४० मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. कोरड्या दिवसांत पानाफांद्यांवर धूळ, विष्ठा, पानांतून झिरपलेले क्षार साचतात. पावसाची पहिली सर ते सगळं धुऊन आणते, म्हणजे खरं जेवण पहिल्या काही मिनिटांतच असतं, नंतरचं नुसतंच पाणी. वेलामेन ती पहिली सर पकडून ठेवतं. पहिल्या पावसात गाडीच्या काचेवरून ओघळणारं पाणी आठवा, त्यात काय काय असतं ते कळेल. ही कल्पना बरीच वर्षं कल्पनाच राहिली. २०१३ मध्ये झोट्झ आणि विंकलर यांनी मोजून दाखवलं की वेलामेन काही सेकंदांत भरतं, वाळायला काही तास घेतं, आणि पाण्यातले क्षार दरम्यान धरून ठेवतं. थोडक्यात, बफर.

ऑर्किडच्या बीचं तर आणखी हलाखीचं. धुळीच्या कणाएवढं बी, बरोबर शिदोरीच नाही. ते रुजतं कसं हे १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच तरुणाला फोंटेनब्लोच्या जंगलात सापडलं: एक बुरशी बीमध्ये शिरते आणि बी तिच्याकडूनच खातं. म्हणजे आयुष्याच्या सुरुवातीला ऑर्किड खरोखरच परजीवी असतं, फक्त झाडावर नाही, बुरशीवर. मामाला हे मी सांगितलेलं नाही.

मग यजमान झाडाचं काहीच जात नाही का? १९७८ मध्ये डेव्हिड बेंझिंग यांनी 'पोषणाची चाचेगिरी' असा शब्द आणला. झाडाच्या खिशाला हात न लावताही त्याचं पाकीट वाटेत अडवता येतं: पानांवरून धुऊन आलेले क्षार खाली मुळांशी पोचायच्या आत वरचेवर गिळायचे. नेटवर्कवाल्यांना वेगळं सांगायला नको, वाटेतच पॅकेट पळवण्याचा प्रकार. मला हा युक्तिवाद प्रामाणिक वाटतो. 'बांडगूळ नाही' याचा अर्थ 'साधुसंत आहे' असा होत नाही.

पण तीनच वर्षांनी, १९८१ मध्ये, नलिनी नाडकर्णी यांचा लेख 'सायन्स'मध्ये आला. (आडनाव वाचून जे वाटलं ते बरोबर आहे, वडील भारतातून अमेरिकेत गेलेले.) तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या, आणि दोर लावून वॉशिंग्टन राज्यातल्या मॅपलच्या शेंड्यांवर चढत होत्या. फांद्यांवरच्या शेवाळाच्या जाड गाद्या त्यांनी उचकटून पाहिल्या, तर आत मुळं! आणि ती शेवाळाची नव्हेत, खुद्द मॅपलची. झाडाने स्वतःच्या फांद्यांतून मुळं फोडून पाहुण्यांनी साठवलेल्या मातीत घातली होती. चाच्यांनी लुटलं म्हणावं तर मालक त्यांच्याच कोठारातून परत घेतोय. हे फक्त तिथलंच नव्हे, उष्ण कटिबंधातल्या झाडांतही दिसलं. पुढे त्यांनी कोस्टा रिकाच्या माँतेव्हेर्देमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. फांदी एकदा खरवडली की ती गादी परत यायला किती प्रचंड वेळ लागतो हेही त्यांनीच दाखवलं. फुलवाल्यांसाठी जंगलातलं शेवाळ ओरबाडलं जात होतं म्हणून २००४ च्या सुमारास त्यांनी वॉशिंग्टनमधल्या एका तुरुंगात कैद्यांबरोबर शेवाळ वाढवायचे प्रयोग केले. २०१५ मध्ये दोर तुटून त्या सुमारे पन्नास फुटांवरून पडल्या, हाडं मोडली, बऱ्या झाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

शेवटी मुंग्या, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सतराव्या शतकात अंबोन बेटावर ऱ्हुंफियस राहायचा. आंधळा झाला, भूकंपात बायको आणि मुलगी गेली, आगीत कागद जळले, हस्तलिखित नेणारं जहाज बुडालं, तरी प्रत होती म्हणून ग्रंथ टिकला. त्याने झाडांवर वाढणाऱ्या फुगीर खोडाच्या वनस्पती वर्णिल्या, ज्यांच्या पोटात मुंग्यांची वसाहत असते. त्याला वाटलं मुंग्यांच्या वारुळातूनच ही वनस्पती आपोआप उगवते. यावर हसणं सोपं आहे. पण १९७८ मध्ये कमिला हक्सली यांनी किरणोत्सारी मूलद्रव्यं वापरून दाखवलं की खोडाच्या आतल्या ज्या खोल्यांना चामखिळींसारखे फोड असतात तिथे मुंग्या घाण टाकतात, आणि फोड ती शोषतात. १९९५ मध्ये 'नेचर'मध्ये डिस्किडिया मेजर या वेलीचा हिशोबच आला. तिच्या पिशवीसारख्या पानांत मुंग्या राहतात, आणि वेलीची मुळं त्याच पिशवीत शिरलेली असतात. मुंग्या राहत असलेल्या पानांमधला ३९ टक्के कार्बन त्यांच्याशी निगडित श्वसनातून आलेला, आणि वेलीतला २९ टक्के नायट्रोजन त्यांच्या कचऱ्यातून.

आणि २०१६ मध्ये फिजी बेटांवरून गिलॉम शोमिकी आणि सुझान रेनर यांनी कळवलं की तिथली एक मुंगी, फिलिड्रिस नागासाऊ, स्क्वामेलारिया नावाच्या अपिवनस्पतीच्या निदान सहा जातींची चक्क शेती करते. फळातून बी काढते, सालीच्या भेगेत नेऊन पेरते, कोवळ्या रोपावर पहारा देते. रोपाच्या पोटात सुरुवातीला एवढीशी पोकळी असते, अजून कोणाला राहताही येणार नाही अशी. तरी मुंग्या आत जाऊन विष्ठेचं खत टाकून येतात. रोप वाढतं, पोकळी मोठी होते, मग बिऱ्हाड तिथे हलतं. या मुंगीला आता दुसरीकडे कुठे घर करताच येत नाही. हे सुमारे तीस लाख वर्षं चालू आहे.